खुर्ची पाहुण्याची

कोरेगाव भीमा हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका तारखेशी जोडले गेले आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची एक लहान तुकडी यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. त्या लढाईच्या स्मरणार्थ नदीपलीकडे पेरणे गावाच्या हद्दीत जो स्तंभ उभा आहे, त्यास १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भेट दिली आणि त्या दगडी स्तंभास नवा अर्थ लाभला. जवळच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. अशा गावाविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप रणांगणाकडे वळते. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही वाचकांस गावातील घरांच्या छपरांकडे नेऊ इच्छितो.

आमचे बालपण याच नगर रस्त्याच्या परिसरात गेले. १९८० च्या आगेमागे कोरेगावातील मोजक्या घरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना दिसू लागल्या. घरांची दारे वेगवेगळ्या दिशांस. कोणाचे रस्त्याकडे, कोणाचे नदीकडे, कोणाचे शेताकडे. परंतु या साऱ्या अँटेनांचे तोंड एकाच दिशेस, म्हणजे नैर्ऋत्येस, वळलेले असे. त्या दिशेस, सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर सिंहगड आहे. मुंबई दूरदर्शन केंद्राचे कार्यक्रम पुणे परिसरास दिसावेत म्हणून १९७३ साली तेथे सहक्षेपण केंद्र सुरू झाले होते. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की चित्र हरवते. म्हणून उंच गडाची निवड झाली. ज्या गडाची कथा आम्ही शाळेत तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमासह शिकलो, त्याच गडावरून संध्याकाळी आमच्या घरांत माणसे येऊ लागली. ती येत, बोलत, गात आणि ठरलेल्या वेळी निघून जात. त्यांपैकी एका बाईंचा, म्हणजे तबस्सुम यांचा, हा वृत्तान्त आहे.

वाचक विचारतील, चित्रपटसृष्टीत वाढलेल्या एका निवेदिकेचे चरित्र या पानांवर कशासाठी? याचे पूर्ण उत्तर लेखाच्या शेवटीच देता येईल. तूर्त इतकेच सांगतो, की घरी आलेल्या माणसास बसावयास देणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे ही जी आपल्याकडील जुनी रीत आहे, ती या बाईंनी भारतीय दूरदर्शनच्या पडद्यावर प्रथम रुजविली व एकवीस वर्षे सांभाळली. आज ती रीत पडद्यावर क्षीण झाली आहे, आणि आम्हांस भय वाटते की घरांतही ती क्षीण होत चालली आहे.

आधी कान, मग डोळे

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मराठी माणसास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या आरंभीच्या काळात पु. ल. देशपांडे तेथे कार्यरत होते, आणि दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांना दिला जातो. मुंबई केंद्र मात्र त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले.

तोवर महाराष्ट्रातील घरांची संध्याकाळ रेडिओच्या स्वाधीन होती. मुंबईत जन्मलेले व सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अमीन सयानी ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत असत. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे अभिमानी होते. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, आणि श्रोत्यांचे कान कोलंबोकडे वळले. मुंबईत ध्वनिमुद्रण करून फिती दर आठवड्यास कोलंबोस धाडल्या जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता त्या समुद्रापलीकडून परत आपल्या घरांत ऐकू येत. श्रोत्यांत प्रथम भगिनींस व नंतर बंधूंस संबोधण्याची सयानी यांची रीत तेव्हा नवी वाटली. निवेदक हा सरकारी फर्मान वाचणारा नसून घरच्या माणसांशी बोलणारा असतो, हे त्यांनी देशास शिकविले. परंतु ते गीतांविषयी बोलत. गाणारा स्वतः समोर नसे. पाहुणा समोर बसलेला दिसावा, त्याच्या चेहऱ्यावरील लाज, हसू आणि गहिवर दिसावा, हे दूरदर्शनच्या येण्याने शक्य झाले.

मुंबई केंद्राचे ते पहिले दशक आजच्या तरुणांस सांगूनही खरे वाटणार नाही. चित्र कृष्णधवल होते. रंग १९८२ साली आले. प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळचे व मोजक्या तासांचे असे. संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. मराठी बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी, ‘गजरा’ करमणुकीसाठी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ साहित्य व कला यांच्या रसिकांसाठी. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी पडद्यावर येई आणि सारे घर हातांची घडी घालून ती पाटी पाहत बसे. वाऱ्याने अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत. मग एक मुलगा कौलांवर चढे, एक अंगणात उभा राही, एक संचापाशी बसे, आणि ‘आलं का?’, ‘आलं, आलं, गेलं’ असा संवाद तिघांत चाले. ज्या घरी संच असे ते घर संध्याकाळी एकट्याचे राहत नसे. शेजारचे हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती सारे एकाच सतरंजीवर बसत. लहान पुढे, म्हातारी माणसे भिंतीस टेकून, आणि बाया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

त्या सतरंजीसमोर तबस्सुम येत असत.

दोन नावांची मुलगी

तबस्सुम यांचा जन्म ९ जुलै १९४४ रोजी मुंबईत झाला. वडील अयोध्यानाथ सचदेव हे हिंदू, आई असगरी बेगम या मुसलमान. दोघेही स्वातंत्र्यलढ्यात सहभागी झालेले. आई लेखिका व पत्रकारही होत्या. या दांपत्याने आपल्या कन्येचे नाव ठेवताना जे केले ते मनोज्ञ आहे. वडिलांनी पत्नीच्या धर्माचा मान राखून मुलीस ‘तबस्सुम’ म्हटले, ज्याचा अर्थ स्मित. आणि आईने पतीच्या धर्माचा मान राखून तिचे नाव ‘किरणबाला’ ठेवले. कागदोपत्री ती किरणबाला सचदेव होती, जगास ती तबस्सुम म्हणून ठाऊक झाली. प्रत्येकाने स्वतःचे नाव पुढे न करता दुसऱ्याचे पुढे करावे, हा धडा तिला पाळण्यातच मिळाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हे १९४४ साल होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. तीनच वर्षांनी धर्माच्या नावाने देश दुभंगला आणि लक्षावधी माणसे घरादारास मुकली.

त्याच १९४७ च्या सुमारास ही चिमुरडी ‘बेबी तबस्सुम’ या नावाने रुपेरी पडद्यावर आली. ‘नर्गिस’ हा तिच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. पुढे १९४९ साली ‘बडी बहन’, १९५१ साली नितीन बोस यांचा ‘दीदार’ आणि १९५२ साली विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’. ‘दीदार’मध्ये ती नर्गिस यांच्या भूमिकेतील बालपण रंगविते, तर ‘बैजू बावरा’मध्ये मीनाकुमारी यांच्या भूमिकेतील. दुसऱ्याच्या आयुष्याचा आरंभ सांगण्याचे काम तिच्याकडे बालपणीच आले होते. पुढे मुलाखतकार म्हणूनही त्यांना तेच करावयाचे होते.

बालकलाकाराचे आयुष्य बहुधा दुःखाचे असते. गोंडसपणा ओसरला की स्टुडिओचे दार बंद होते, आणि ज्या वयात इतर मुले आपली ओळख घडवू लागतात, त्या वयात या मुलांची ओळख संपलेली असते. तबस्सुम मोठ्या झाल्यावरही चित्रपटांत दिसत राहिल्या, परंतु नायिकेच्या स्थानी त्या पोहोचल्या नाहीत. आम्हांस वाटते, याच उणिवेतून त्यांचे खरे कार्य जन्मास आले. मोठमोठ्या कलावंतांच्या सहवासात त्या वाढल्या होत्या आणि त्यांच्या प्रसिद्धीमागचा घाम त्यांनी पाहिला होता. पण स्वतः त्या शिखरावर नव्हत्या. अशा व्यक्तीस दुसऱ्याचे कौतुक मनापासून करता येते. त्यांचा विवाह विजय गोविल यांच्याशी झाला. ‘रामायण’ या मालिकेत (१९८७-८८) रामाची भूमिका करून घराघरांत पोहोचलेले अरुण गोविल हे विजय गोविल यांचे बंधू.

एकवीस वर्षांची बैठक

१९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. भारतीय दूरदर्शनवरील गप्पा-मुलाखतींचा हा पहिला कार्यक्रम मानला जातो. चित्रपटसृष्टीतील नट, नट्या, गायक, संगीतकार त्यांच्यासमोर येऊन बसत. ज्यांना आपण तोवर पन्नास फूट पडद्यावर तलवार परजताना, झाडामागे गाताना किंवा खलनायकी हास्य करताना पाहिले होते, ती माणसे साध्या खुर्चीवर बसून आपल्या आईविषयी, शाळेविषयी, उपाशी काढलेल्या दिवसांविषयी बोलू लागली. तेव्हा चाहत्यांस कलावंतांची माहिती मिळे ती चित्रपट मासिकांतून. तीत मीठमसाला फार. येथे मात्र तो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता.

तबस्सुम यांची पद्धत कशी होती? केसांत फूल, चेहऱ्यावर नावास साजेसे हसू, आणि बोलण्यात उर्दूचा गोडवा असलेली हिंदुस्तानी. मध्येच एखादा शेर, मध्येच एखादा विनोद. कोरेगावच्या सतरंजीवरील म्हाताऱ्यांस ती भाषा सगळीच कळत होती असे नाही. पण आदर कळत होता. पाहुणा नवखा असो वा नामांकित, त्याच्या येण्याने आपले घर धन्य झाले असे त्या वागत. पाहुणा अडखळला तर त्या हसून वेळ काढीत, तो खुलला की बाजूस होत. कोणी म्हणेल, त्यांनी अवघड प्रश्न विचारले नाहीत, कोणाचे दोष उघडे पाडले नाहीत, स्तुती मात्र भरपूर केली. हा आक्षेप खोटा नाही. पत्रकाराचे काम वेगळे आणि यजमानाचे काम वेगळे. यजमान पाहुण्याची झडती घेत नाही. मात्र यजमान जर चांगला असेल, तर झडतीतून जे निघाले नसते ते पाहुणा आपण होऊन सांगतो. खुनशी प्रश्नाने माणूस दार लावून घेतो, आपुलकीच्या प्रश्नाने उघडतो, हे कन्फेशनच्या जाळीआड बसलेल्या कोणाही धर्मगुरूस वेगळे सांगावयास नको.

या काळात त्या केवळ दूरदर्शनवर अवलंबून नव्हत्या. रंगमंचावरील कार्यक्रमांचे निवेदन त्या करीत. ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी महिला मासिकाचे संपादन त्यांनी पंधरा वर्षे केले. १९८५ साली ‘तुम पर हम कुर्बान’ हा चित्रपट त्यांनी स्वतः लिहून, निर्माण करून दिग्दर्शित केला. पण घराघरांत त्यांची ओळख राहिली ती त्या एका खुर्चीमुळे, जीवर त्या स्वतः बसत नसत, दुसऱ्यास बसवीत.

परदेशातील दोन उदाहरणे

आपल्या वाचकांस तुलनेसाठी दोन परदेशी उदाहरणे उपयोगी पडतील. अमेरिकेत रात्री उशिरा, सारी घरे निजानीज होण्याच्या सुमारास, गप्पांचा कार्यक्रम दाखविण्याची परंपरा आहे. ‘टुनाइट शो’ हा त्यांतील सर्वांत जुना व प्रसिद्ध. तो १९५४ साली सुरू झाला. जॉनी कार्सन यांनी १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे तो चालविला. त्यांच्या मेजाशेजारी पाहुण्याची खुर्ची असे व तिच्यापलीकडे सोफा. नवा पाहुणा आला की आधीचा उठून सोफ्यावर सरकून बसे आणि त्याचे बोलणे ऐके. मानाची जागा सर्वांस मिळे, परंतु कायमची कोणासच नाही. स्वतः कार्सन खासगी आयुष्यात अबोल होते. निवृत्तीनंतर ते पडद्यावर क्वचितच दिसले आणि २००५ साली निधन पावले, तेव्हा सार्वजनिक स्मरणसभाही झाली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेतील आहे. न्यूयॉर्कचे सहायक बिशप फुल्टन शीन यांनी १९५२ ते १९५७ या काळात ‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’ हा संध्याकाळचा कार्यक्रम केला. झगा परिधान केलेले बिशप, एक फळा, एक खडू, बस्स. लक्षावधी लोक, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही अनेक, तो कार्यक्रम पाहत. दूरदर्शनवरील उत्कृष्ट व्यक्तिमत्त्वाचा एमी पुरस्कारही त्यांना मिळाला. सेमिनरीत आम्ही शीन यांची पुस्तके वाचली आणि तसे बोलता यावे अशी मनीषा बाळगली. प्रवचन कसे रचावे, आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, हे आम्हांस परिश्रमपूर्वक शिकविण्यात आले. समोरच्यास प्रश्न कसा विचारावा आणि विचारल्यावर गप्प कसे बसावे, याचा मात्र एकही तास नव्हता. शीन यांचा फळा ही बोलणाऱ्याची कला आहे, तबस्सुम यांची खुर्ची ही ऐकणाऱ्याची. आम्हां धर्मगुरूंस पहिली कला थोडीफार येते. दुसरी आम्ही बहुधा म्हातारपणी, चुका करून शिकतो.

खुर्चीचे काय झाले

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्रास बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, झी टीव्ही ही खासगी उपग्रह वाहिनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ संपले. त्याच १९९३ साली रजत शर्मा यांनी ‘आप की अदालत’ सुरू केली. नावातच बदल दिसतो. पाहुण्याच्या खुर्चीच्या जागी आता आरोपीचा पिंजरा आला. सत्ताधाऱ्यांस जाब विचारणे आवश्यकच आहे, आणि लोकांस ते आवडलेही. १९९७ साली शेखर सुमन यांनी ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ या कार्यक्रमातून अमेरिकी धर्तीचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम हिंदीत आणला, ज्यात राजकारण्यांच्या नकला असत. मराठीत २०१४ पासून डॉ. निलेश साबळे यांच्या ‘चला हवा येऊ द्या’ने रात्रीच्या जेवणानंतर घरोघर हशा पिकविला. यांतील प्रत्येकाने काही नवे दिले. परंतु त्याच काळात वृत्तवाहिन्यांवर रात्रीच्या चर्चांचा एक प्रकार वाढला. त्यात पडद्याचे सहा, आठ चौकोन होतात, प्रत्येक चौकोनात एक चेहरा, आणि साऱ्यांचे ओठ एकाच वेळी हलत असतात. येथे प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहत नाही; उत्तर त्याच्याजवळ आधीच तयार असते.

हे सारे दुरून पाहत असताना एके दिवशी तो पडदा आमच्या गावाकडे वळला. १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगावच्या लढाईस दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, येथे हिंसाचार उसळला. वाहने जळाली, दुकाने फुटली, एका तरुणास प्राण गमवावे लागले. ३ जानेवारीस महाराष्ट्र बंद झाला. त्या आठवड्यात रात्रीच्या पडद्यावर कोरेगाव भीमा हे नाव अगणित वेळा उच्चारले गेले. गावास कधी न आलेली माणसे गावाविषयी मोठमोठ्याने बोलत होती. ज्यांचे दुकान जळाले ती बाई, जिचा मुलगा घरी परतला नाही ती माउली, दूरच्या जिल्ह्यातून स्तंभास वंदन करावयास आलेले आणि भयभीत होऊन परतलेले कुटुंब, सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा आणि चार दिवस खोलीत अडकलेला परगावचा मजूर, यांना बसावयास खुर्ची किती जणांनी दिली? दिली तरी किती मिनिटे?

आम्ही येथे कोणा एका पक्षाची बाजू मांडत नाही. कोण दोषी हे ठरविणे आमचे काम नव्हे. शासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला, आणि त्या आयोगासमोर अनेक वर्षे साक्षी झाल्या. आयोगाचे काम लांबले म्हणून टीकाही झाली. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे एका वेळी एकच साक्षीदार बोलतो, आणि तो बोलत असता बाकीच्यांस ऐकावे लागते. ज्या गोष्टीसाठी आता कायद्याने आयोग नेमावा लागतो, ती गोष्ट एके काळी या गावातील सतरंजीवर रोज संध्याकाळी आपोआप घडत होती. तेव्हाचे लोक भांडत नसत असे नाही. बांधावरून, पाण्यावरून, विहिरीवरून ते भांडत, आणि जातीची उतरंड तेव्हाही होती. सतरंजीवर कोण कोठे बसे, यातही ती उतरंड कधी कधी दिसे, हे आम्ही नाकारणार नाही. तरीही एका संचासमोर एकत्र बसून एका पाहुण्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय त्या पिढीस होती. आज घरोघरी संच आहे, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि एकाच कुटुंबातील चौघे चार वेगळ्या माणसांचे बोलणे अर्धे अर्धे ऐकत बसलेले असतात.

दारातील एक वाक्य

दुसऱ्यांस दोष देणे सोपे असते, म्हणून स्वतःची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही या परिसरातील आपल्या कुटुंबांच्या भेटीस गेलो होतो. एका वृद्ध बाईंच्या घरी वीस मिनिटे थांबलो. प्रकृतीची चौकशी केली, औषधे वेळेवर घेण्यास सांगितले, धर्मग्रामातील कार्यक्रमांची माहिती दिली, प्रार्थना केली, आशीर्वाद दिला आणि उठलो. बाई काठी टेकीत दारापर्यंत आल्या व म्हणाल्या, “फादर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण माझं सांगायचं राहिलंच.”

आम्ही घड्याळ पाहिले आणि पुन्हा येतो म्हणून निघालो. रस्त्याने मात्र ते वाक्य पाठ सोडीना. पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो, एकच प्रश्न विचारला आणि पाऊण तास ऐकले. काय ऐकले ते लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण त्या दिवशी परतताना आम्हांस बालपणीची सतरंजी आठवली, आणि केसांत फूल माळलेल्या त्या बाई आठवल्या, ज्यांना हे सारे कोणत्याही सेमिनरीविना अवगत होते.

तबस्सुम यांनी म्हातारपणी ‘तबस्सुम टॉकीज’ या नावाने यूट्यूबवर पुन्हा बोलणे सुरू केले. तेथेही त्या स्वतःविषयी थोडे आणि जुन्या, विस्मृतीत गेलेल्या कलावंतांविषयी अधिक बोलत. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्यविधी होईपर्यंत आपल्या मृत्यूची वार्ता बाहेर कळू नये अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या मुलाने नंतर सांगितले. आयुष्यभर इतरांस प्रकाशात बसविणारी ही बाई स्वतः मात्र दिवा मालवून, कोणास न उठविता निघून गेली.

योगायोग असा की त्याच २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी जो संदेश दिला, त्याचा विषय होता अंतःकरणाच्या कानाने ऐकणे. ख्रिस्तसभा १९६७ पासून हा दिन पाळते. बोलण्याची साधने इतकी वाढलेली असता, त्या वर्षी परमगुरूंनी बोलण्याविषयी न सांगता ऐकण्याविषयी सांगितले, हे अर्थपूर्ण आहे.

कोरेगावातील छपरांवरील त्या जुन्या अँटेना आता बहुतेक उतरल्या आहेत. काहींच्या नळ्या परसात वेलींना आधार म्हणून रोवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. सिंहगड मात्र जागच्या जागी आहे आणि भीमाही वाहते आहे. वाचकांनी आज रात्री एवढेच करावे. जेवण झाल्यावर संच व फोन बंद करून घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसासमोर, मग ती सासू असो, सून असो, नापास झालेला मुलगा असो वा भाड्याने राहणारा परगावचा कामगार असो, एक खुर्ची ठेवावी, एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठू नये.